‘ताई बघेल की!’

दिव्यांग मुलाच्या पुढच्या आयुष्याचा विषय निघाला की बहुतेक घरांत एवढंच उत्तर मिळतं. ताई बघेल, नाहीतर दादा बघेल. तर मी ती ताई. धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग, चाळिशी उलटलेला. मी बघतेय आणि बघणारही आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण बघायला जे कागद लागतात ते कुणी करायचे, हे आमच्या घरात कधी कुणी बोललंच नाही. पोस्ट लांब आहे. आईवडिलांनी तरी पूर्ण वाचा.

मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान. समज चार वर्षांच्या पोराएवढी असली तरी त्याच्या वतीने सही करायचा आईबापांचा अधिकार तिथे संपतो. हे कळतं कधी? घरातलं कुणीतरी गेल्यावर, बँकेच्या काउंटरवर. आमचे अण्णा शिक्षक होते. त्यांच्यामागे आईला फॅमिली पेन्शन लागली. आईनंतर ती भावाला मिळू शकते, कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ती तहहयात असते. पण खातं त्याचं, अंगठा त्याचा, आणि साहेबांचा प्रश्न, “यांना कळतंय का, कशावर अंगठा देतायत ते?” प्रश्न चुकीचा नव्हता. भाऊ मात्र खूश. शाईचा पॅड त्याला इतका आवडला की त्याने शेजारच्या कोऱ्या स्लिपांच्या गठ्ठ्यावरही ठसे उमटवून दिले.

यावरचा उपाय 1999 पासून आहे. राष्ट्रीय न्यास कायदा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व या चार प्रकारांत अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. कोर्टात जावं लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानीय स्तर समिती प्रमाणपत्र देते, आणि ते बँकांनी मान्य करावं असं रिझर्व्ह बँकेने 2007 मध्येच सांगितलंय. शाखेत “असलं काही नसतं” असं ऐकायला मिळालं तर हे साल लक्षात असू द्या. मानसिक आजार मात्र या कायद्यात येत नाही. अडचण समितीच्या बैठकीची. कलेक्टरांच्या मागे निवडणूक, पूर, टंचाई, मंत्र्यांचे दौरे. आपला अर्ज फायलीत वाट बघत बसतो. म्हणून आईबाप धडधाकट असतानाच अर्ज करा, आणि पालक म्हणून भावंडाचंही नाव घालता येईल का ते तेव्हाच विचारून घ्या.

आता जमीनजुमला. आपल्याकडची आवडती युक्ती म्हणजे सगळं धडधाकट मुलाच्या नावावर करायचं आणि त्याला सांगायचं, “तू याला सांभाळ.” दिव्यांग मुलाचं हक्कसोडपत्र करून घेतलेलीही घरं मी पाहिलीत. अहो, सांभाळणारा आधी गेला तर? सगळं त्याच्या बायकामुलांकडे जातं, आणि तोंडी शब्दाला तलाठी विचारत नाही. यात कुणी वाईट असावं लागत नाही. त्यापेक्षा मृत्युपत्र करा, त्यातून या मुलासाठी खासगी ट्रस्ट उभा करा. विश्वस्त एकच नको, एक घरातला आणि एक बाहेरचा असावा. पालकत्व एकाकडे आणि पैशाची किल्ली दुसऱ्याकडे, हे मला तरी जास्त बरं वाटतं. माझ्यावरही कुणाचीतरी नजर असलेली बरी.

आता जे मला सगळ्यात खुपतं ते. दिव्यांग व्यक्तीला सांभाळणाऱ्याला जुन्या करप्रणालीत प्राप्तिकरात (1961 च्या कायद्यातलं कलम 80 डीडी) 75 हजारांची, आणि 80 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. अवलंबून असलेल्या भावंडासाठीही मिळते. मी घेते. नव्या करप्रणालीत ती नाही, हेही बघून ठरवा. दुसऱ्या टोकाला संजय गांधी निराधार योजना. तिथे दिव्यांगांना महिना 1500 मिळायचे, 2025 मध्ये राज्याने 2500 केले. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार. म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारही नाहीत! टेम्पो चालवून महिन्याला बारा हजार आणणारा बाप या दोन्हींत कुठेच बसत नाही. त्याला कर नाही म्हणून वजावट नाही, आणि उत्पन्नाचा खरा दाखला काढला तर अनुदान नाही. मग खोटा दाखला काढायला आपणच त्याला भाग पाडतो. दिव्यांगाचं अनुदान घराच्या उत्पन्नावरून नाही, त्याच्या गरजेवरून ठरलं पाहिजे. या बापाने निदान यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आणि राष्ट्रीय न्यासाचा ‘निरामय’ आरोग्य विमा तरी काढावा. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, आधी वैद्यकीय तपासणीही नाही. तोही याच चार प्रकारांसाठी.

कागदांइतकीच गरजेची एक साधी दोनशे पानी वही. माझा भाऊ फिटची गोळी गुळाच्या खड्याबरोबरच घेतो, नाहीतर गालात धरून ठेवतो आणि नंतर थुंकतो. कुकरची शिट्टी व्हायच्या आत त्याला स्वयंपाकघरातून बाहेर न्यावं लागतं. हे आईच्या डोक्यात होतं, आता माझ्या वहीत आहे. उद्या मी नसले तर सांभाळणाऱ्याला डॉक्टरच्या फाइलआधी हेच लागणार.

आणि भावंडांना विचारा हो. खरंच विचारा. “तू करशीलच” असं नको, “तुला जमेल का, किती जमेल?” असं. कुणी नाही म्हटलं तर त्याला स्वार्थी ठरवू नका. नोंदणीकृत संस्थाही राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक होऊ शकते.

तुमच्या जिल्ह्यात समितीची बैठक वेळेवर होते का, आणि अर्जाला किती दिवस लागले, हे खाली कमेंटमध्ये जिल्ह्याच्या नावासकट लिहा. इनबॉक्समध्ये नको, सगळ्यांना वाचता येऊ दे.