‘हात सैल सोडा’ या सल्ल्याविषयी

ताई, सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपले आक्षेप दोन आहेत. विणताना ‘हात सैल सोडा’ हा माझा सल्ला निरुपयोगी आहे, हा पहिला. दुसरा असा, की स्वेटरआधी नमुन्याचा तुकडा विणून टाके मोजायला सांगणे म्हणजे घरच्या विणकामाचा गणिताचा पेपर करणे आहे; आपल्या आईंनी कधी नमुना विणला नाही आणि त्यांचा एकही स्वेटर फसला नाही.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. ठरवून सैल केलेला हात चार ओळी सैल राहतो आणि कुकरच्या शिट्ट्या मोजू लागताच मूळ सवयीवर येतो, त्यामुळे एकच तुकडा दोघींनी विणल्यासारखा दिसतो. तेव्हा हात आहे तसा राहू द्यावा आणि सुई बदलावी. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके हवे असताना २४ येत असतील तर जाड सुई घ्यावी, २० येत असतील तर बारीक. (आपल्याकडे अजून चालणाऱ्या जुन्या नंबरांत ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची आणि ९ नंबरची ३.७५ मिलिमीटरची असते. नंबर वाढला की सुई बारीक होते, आणि इथे नवख्या मुली हमखास फसतात.) हाताने सांभाळण्यासारखे एवढेच, की टाका सुईच्या निमुळत्या टोकावरच ओढून आवळू नये, तो जाड भागावर सरकू द्यावा, कारण टाक्याचे माप त्या भागावर ठरते.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. आपल्या आई बहुधा वर्षानुवर्षे त्याच जाडीची लोकर त्याच सुयांवर विणत असाव्यात, आणि तसे असेल तर मागचा प्रत्येक स्वेटर हाच पुढच्याचा नमुना होता. आपण दर वेळी वेगळी लोकर आणतो. छातीचा घेर १०० सेंटिमीटर धरून २२०  टाके घातले आणि प्रत्यक्षात १० सेंटिमीटरला २०च बसले, तर घेर ११० होतो. हे एक मोठा चौकोन विणून, तो धुऊन, सपाट वाळवून आणि कडा सोडून मधले टाके मोजले की आधीच कळते.

‘रोजच्या धावपळीत हात सारखा राहणार कसा?’ हा आपला प्रश्न मात्र या दोन्ही आक्षेपांहून अवघड आहे. भाच्याच्या स्वेटरचा मागचा भाग मी दिवाळीच्या सुटीत नाशिकला घरी विणला आणि पुढचा भाग नोकरीच्या दिवसांत पंचवटी एक्स्प्रेसमध्ये, कोपरे अंगाशी घेऊन. दोन्हीकडे ८८ टाके, त्याच सुया, तीच लोकर. पण मागचा भाग ४० सेंटिमीटर भरला आणि पुढचा जेमतेम ३७. तोवर निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली गेला होता, आणि मी पुढचा भाग उसवत बसले होते.

तेव्हापासून मापाचे काम मी घरीच करते, ओळ अर्धवट सोडून उठत नाही, आणि गाडीत फक्त मफलर विणते. तो दोन बोटे अरुंद झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.