पिरॅमिडची कोणती पायरी?

इथे कॅलिफोर्नियात सहावीच्या मुलांना प्राचीन संस्कृतींचा इतिहास असतो आणि त्यात एक प्रकरण भारताचे असते. २००५ साली या इयत्तेच्या पाठ्यपुस्तकांची छाननी चालू असताना एका पुस्तकातील मजकूर हिंदू पालकांत फार गाजला: जिथे रामायण सांगितले जाते तिथे हनुमान हजर असतो असे मानतात, तेव्हा जरा आजूबाजूला पाहा, एखादे माकड दिसते का? रामकथेच्या वेळी मारुतीसाठी रिकामा पाट मांडणाऱ्या घरातल्या मुलाला हे वाचून, वर्ग खिदळत असताना, काय वाटेल हे समजायला कोणत्याही संघटनेचे सभासद असावे लागत नाही.

मात्र याच छाननीत हिंदू संघटनांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांमध्ये आणखीही एक होती. प्राचीन भारतात पुरुषांना स्त्रियांपेक्षा पुष्कळ अधिक हक्क होते, या वाक्याऐवजी पुरुषांची कर्तव्ये आणि हक्क स्त्रियांहून वेगळे होते असे छापावे, अशी ती सूचना होती. हार्वर्डचे मायकेल विट्झेल आणि इतर अभ्यासकांनी अशा दुरुस्त्यांना हरकत घेतली, मार्च २००६ मध्ये शिक्षण मंडळाने अंतिम निर्णय दिला, आणि पुढे न्यायालयाने मंडळाच्या कार्यपद्धतीत दोष दाखवूनही पुस्तके मात्र कायम ठेवली. माझ्या मते माकडाचे वाक्य जायलाच हवे होते आणि हक्कांचे राहायलाच हवे होते. दोन्ही मागण्या एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे सुक्याबरोबर ओलेही जळते तसे झाले आणि रास्त तक्रारीकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

भारतातल्या स्नेह्यांना हे सांगितले की एक गट म्हणतो, तुम्ही तिकडे धर्म टिकवून आहात. दुसरा म्हणतो, तुमच्या डॉलरवरच इथली कट्टरता पोसली जाते. दोघेही इकडचे माप तिकडच्या तराजूत घालतात. जेम्स लेन या अमेरिकी प्राध्यापकाच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकातील मजकुराच्या रागातून ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेची मोडतोड झाली, आणि त्यामागे एवढेच निमित्त होते की लेखकाने संस्थेचे आभार मानले होते. राज्य सरकारने पुस्तकावर बंदी घातली आणि ती उठवल्याचा उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात कायम व्हायला २०१० उजाडले. तिथे दुखावलेल्यांच्या बाजूला जमाव होता आणि सरकारही होते. इथे शिक्षिकेसमोर बसलेले एक जोडपे असते, तेही उच्चार चुकू नये म्हणून जपून बोलणारे. ‘भावना दुखावल्या’ हे शब्द दोन्हीकडे तेच असले, तरी त्यांचे वजन सारखे नाही. मला खटकते ते असे की इथल्या अल्पसंख्याकाची ही तक्रार पुन्हा तिकडे पाठवली जाते, आणि तिथे ती बहुसंख्याकांच्या हातातली काठी होते.

पुस्तकातल्या एका प्रकरणासाठी इतका जीव का टाकला जातो, याचे उत्तर मला आमच्याच घरात सापडले. साताऱ्याकडे सासरी धर्म म्हणजे पालीचा खंडोबा, चंपाषष्ठीला तळी भरणे, वांग्याचे भरीत आणि भाकरीचा नैवेद्य. त्याला कोणी हिंदू धर्म असे एकत्र नाव देत नसे, कारण शेजाऱ्याला तो समजावून सांगायची वेळच येत नसे. इथे मात्र तो एका वाक्यात सांगावा लागतो, म्हणून आम्ही त्यातला भंडारा झटकतो, बकरा वगळतो आणि सगळ्यांना चालेल असे काहीतरी तत्त्वज्ञान पुढे करतो. मग आजीची जागा पाठ्यपुस्तकाकडे जाते, आणि आजीइतकी माया आपण त्याच्याकडून मागू लागतो.

अभ्यासक नेमकी आम्ही झटकलेली धूळ गोळा करतात, म्हणून ते परके वाटतात. पण रा. चिं. ढेरे यांनी पुण्यात बसून विठ्ठलाची मुळे गवळी-धनगरांच्या दैवतात शोधली, आणि त्यांचा तो ग्रंथ अमेरिकेतल्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी इंग्रजीत नेला. जर्मनीचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या ओव्या आणि खंडोबा यांमागे वर्षानुवर्षे महाराष्ट्रात हिंडले. माझ्या कुलदैवताबद्दल इथल्या एकाही मंदिरापेक्षा या अभ्यासकांच्या लिखाणातून मला अधिक कळले, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच अर्व्हाइन येथील विद्यापीठाला हिंदू देणगीदारांनी देऊ केलेल्या अध्यासनांना तिथल्या अध्यापकांनी विरोध केला आणि ती बारगळली, तेव्हा आमच्या ओळखीत बराच संताप झाला. मला तेव्हाही वाटले की त्यातल्या थोड्या पैशात एखाद्या विद्यापीठात मराठी शिकवण्याची सोय झाली असती. विद्वान कोणता असावा हे मात्र देणगीदाराने ठरवू नये.

त्याच २०१६ साली अभ्यासक्रमाच्या आराखड्यावर पुन्हा वाद पेटला, ‘भारत’ म्हणावे की ‘दक्षिण आशिया’ यावर आणि जातीचा उल्लेख कसा करावा यावर. या वेळी दलित संघटनाही सुनावण्यांत बोलत होत्या. आमची मुलगी तेव्हा सहावीत होती. पुस्तकातला वर्णांचा पिरॅमिड दाखवून तिने विचारले, आपण यातल्या कोणत्या पायरीवर? मी म्हणाले, आपण असले काही मानत नाही, आणि विषय बदलला.

पुढे कॉलेजात तिला आंबेडकरांचा भारतातील जातींवरचा निबंध वाचायला लागला. तो त्यांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचला होता. आपल्या धर्माचा परदेशी विद्यापीठातला अभ्यास म्हणताना आम्ही विट्झेल यांचे नाव घेतो, पण आंबेडकरांचे नाव आम्हाला सुचत नाही. तिने मला काही विचारले नाही. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तिने तोच प्रश्न सरळ आजीला विचारला. सासूबाईंनी जात सांगितली, पोटजात सांगितली, आणि मग म्हणाल्या, “आपल्या मळ्यातल्या विहिरीवर पलीकडच्या वस्तीतल्या बायांना हात लावू देत नव्हते, बाई. त्या घागर घेऊन उभ्या राहायच्या आणि मी वरून पाणी ओतायची.”