पुळण सरकारी, वाट कोणाची?

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही किनाऱ्यालगतची जमीन विकली गेली की गावात वाद ठरलेला. एक बाजू म्हणते समुद्र सगळ्यांचा, दुसरी म्हणते रिसॉर्ट आलं तर पोरांना काम मिळेल. कॅलिफोर्नियात राहून हा वाद वाचताना वाटतं, दोन्ही बाजूंच्या नजरेतून मुख्य गोष्ट निसटते आहे. खरा प्रश्न डांबरी रस्त्यापासून पुळणीपर्यंतच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूपर्यंतच्या, शे-दोनशे पावलांचा आहे.

पुळणीपुरतं बोलायचं तर आपला कायदा निदान कागदावर इथल्यापेक्षा उजवा आहे. कॅलिफोर्नियात सरासरी भरतीरेषेखालची ओली वाळू लोकांची, वरची कोरडी वाळू खासगी असू शकते. ही रेषा लाटांबरोबर सरकत राहते, त्यामुळे वाळूत बसलेल्याला आपण कुणाच्या जागेत आहोत हे सांगता येत नाही. आपल्याकडे जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे भरतीरेषेखालची जमीन सरकारची, आणि सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या नियमांची, भरतीरेषा तर उधाणाचं पाणी जिथवर चढतं तिथे धरतात.

वाटेच्या बाबतीत मात्र इथले लोक फार पुढे आहेत. १९७६ च्या किनारा कायद्यात ‘विकास’ या शब्दातच पाण्यापर्यंत जाण्याच्या सोयीत केलेला बदल येतो. म्हणजे विटेला वीट न लावता नुसतं फाटक बंद केलं तरी परवाना लागतो. मार्टिन्स बीचवर अब्जाधीश गुंतवणूकदार विनोद खोसलांच्या कंपनीने समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याचं फाटक बंद केलं, तेव्हा २०१७ मध्ये अपील न्यायालयाने हेच सांगितलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. २०१४ पासून वाट अडवणाऱ्याला किनारा आयोग स्वतःच दिवसाला ११,२५० डॉलरपर्यंत दंड लावू शकतो. आपले सीआरझेडचे नियम ज्याखाली येतात त्या पर्यावरण संरक्षण कायद्यात आता उल्लंघन चालू ठेवल्याचा वाढीव दंड दिवसाला दहा हजार रुपये आहे. किनाऱ्यावर बंगला बांधणाऱ्याला तो परवडतो.

इथलंही सगळं सरळ नाही. बांधकाम परवान्याच्या बदल्यात मालक वाट देऊ करतो आणि तसा दस्त नोंदवला जातो, पण एखाद्या संस्थेने ती २१ वर्षांत स्वीकारली नाही तर तो प्रस्ताव बाद होतो. मालिबूच्या कार्बन बीचवर १९८३ मध्ये देऊ केलेली वाट उघडायला २००५ उजाडलं. तरीही ती उघडली, कारण ती जमिनीच्या दस्ताला चिकटलेली होती.

आपल्याकडे हेच राहून जातं. १९९१ च्या सीआरझेड अधिसूचनेपासून दोन रिसॉर्टमध्ये किमान २० मीटरची मोकळी जागा सोडण्याचा नियम आहे. पण त्याच वाक्यात पुढे म्हटलंय की अशा दोन जागांमधलं अंतर ५०० मीटरपेक्षा कमी नसावं, म्हणजे वाटा लांब लांबच पडणार. शिवाय नियम हॉटेल-रिसॉर्टचा. एकापाठोपाठ एक बंगले उभे राहिले तर तो लागूच होत नाही. आणि परवानगीच्या पत्रातली अट सातबाऱ्यावर चढत नाही, त्यामुळे जमीन पुन्हा विकली की नव्या मालकाला ती दिसतही नाही.

म्हणून सुरुवात गावनकाशापासून करावी. भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कल घेऊन समुद्राकडे जाणाऱ्या तुटक रेषा शोधाव्यात. तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट रुंद. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. रेषा असेल तर मोजणी मागवून हद्द कायम करून घ्यावी आणि तहसीलदारांकडे अतिक्रमणाची तक्रार द्यावी.

रेषा नसेल तर वहिवाट, म्हणजे वर्षानुवर्षांच्या वापरातून आलेला हक्क. यात लोक हमखास फसतात. कुंपण पडतं, पण वॉचमन गावचाच असतो, तो सोडतो, म्हणून कुणी तक्रार करत नाही. परवानगीने केलेली ये-जा वहिवाटीत धरत नाहीत. ती हक्काने, उघडपणे आणि सलग वीस वर्षं झालेली लागते. अडवणूक कळूनही वर्षभर गप्प बसलं तर तो खंड मानतात. तहसीलदारासमोर दावा लावता येणाऱ्या मामलतदार न्यायालय कायद्यात शेतीबरोबर मासेमारीसाठी वापरातल्या जागांकडे जाणाऱ्या वाटाही येतात, पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत दावा लागतो. तेव्हा गडगा (दगडी कुंपण) रचला जात असतानाच तारखेसह फोटो, पंचनामा आणि लेखी अर्ज. तोंडी समझोत्यावर थांबू नये. वाट मान्य झाली की फेरफार करून ती सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात, गट नंबर आणि रुंदीसह, चढवून घ्यावी.

रुंदीबद्दल आग्रह धरायला हवा. सव्वाआठ फुटांत माणसं चालतील, पण रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं, लांबलचक जाळं खांद्यावर घेऊन येणारी रांग आणि मासळी उचलायला आलेला टेम्पो एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. मच्छीमारांची वाट असेल तर अर्जात पहिल्यापासून गाडीमार्गच मागावा.