‘टर्म बदला, स्क्रीन सुधारेल’ हा मेसेज सर्व्हरवर चिकटवण्याआधी

ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यातल्या सपोर्टवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. नाइट शिफ्टला नवीन लागलेल्या पोरांना तर कुणीतरी तो लगेच पाठवतंच. मजकूर साधारण असा: रिमोट सर्व्हरवर टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोची, स्क्रीन विस्कटली की बॅशआरसी या सेटिंग फाइलमध्ये ‘टर्म’ची व्हॅल्यू एक्सटर्म-२५६कलर करून टाका, कायमचं काम होतं. रेषांच्या जागी कचरा दिसला तर नेट कमजोर आहे. टर्मिनल गोठलं तर कनेक्शन मेलं, विंडो बंद करा. आणि टर्मिनलवर मराठी चालत नाही, म्हणून लँग हे भाषेचं सेटिंग ‘सी’ ठेवा. यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही. पहिलं तर चालत्या सर्व्हरवर नवीन बिघाड आणतं, म्हणून त्यावर जास्त बोलतो.

समोर कोणतं टर्मिनल आहे, हे टर्म व्हेरिएबल सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमना सांगतं. व्हीआय, लेस, टॉप असे प्रोग्रॅम त्या नावाची नोंद टर्मइन्फो या टर्मिनलांच्या यादीत शोधतात. कर्सर कसा हलवायचा, स्क्रीन कशी पुसायची, रंग कसा द्यायचा, त्यासाठीचे एस्केप सीक्वेन्स (टर्मिनलला हुकूम देणारे कोड) त्यांना तिथून मिळतात. हे नाव तुमचा एसएसएच क्लायंट (सर्व्हरला सुरक्षितपणे जोडणारा प्रोग्रॅम) सेशन उघडतानाच पाठवतो, विंडोच्या ओळी आणि कॉलमसकट. म्हणजे खरी माहिती आधीच पोचलेली असते आणि बॅशआरसीतली ती ओळ तिच्यावर दुसरं नाव थापते.

याचा फटका टीमक्समध्ये, म्हणजे एकाच विंडोत अनेक सेशन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बसतो. टीमक्स स्वतःच एक टर्मिनल आहे. आतल्या प्रोग्रॅमना टर्म ‘स्क्रीन’, ‘टीमक्स’ किंवा त्यांचाच एखादा प्रकार दिसला पाहिजे, असं त्याच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. तिथे जबरदस्तीने एक्सटर्म लावलं की काही प्रोग्रॅम होम आणि एंड की ओळखत नाहीत. दोष मात्र टीमक्सला मिळतो. जुन्या युनिक्स मशीनवर तर या नावाची नोंदच नसू शकते. मग व्हीआय ‘अननोन टर्मिनल टाइप’ म्हणून थांबतं, आणि जे सेशन साध्या ‘एक्सटर्म’ नावाने व्यवस्थित चाललं असतं तेही बिघडतं.

टर्ममुळे खरोखर अडतं ते वेगळ्या ठिकाणी. किटीसारखं नवं टर्मिनल ‘एक्सटर्म-किटी’ हे नाव पाठवतं आणि सर्व्हरला ते माहीत नसतं. अशा वेळी आपल्या लॅपटॉपवरच्या इन्फोसीएमपीचं (टर्मिनलची नोंद छापणारी कमांड) आउटपुट एसएसएचमधून सर्व्हरवरच्या टिक या नोंद बसवणाऱ्या कमांडला द्या. नोंद तुमच्याच होम फोल्डरमध्ये बसते, रूट, म्हणजे अॅडमिनचे अधिकार, लागत नाही. घाईत असाल तर एका सेशनपुरतं टर्म बदला, ते चालेल. पण सगळ्यांच्या सामायिक प्रोफाइलमध्ये नको.

आता नेटचं. घोडबंदर रोडवरच्या घरून लॉगइन करताना ब्रॉडबँड रखडतं, हे मान्य. पण एसएसएच टीसीपीवर चालतं आणि प्रत्येक पॅकेटची खातरजमा करतं. वाटेत बाइट बदलला तर पॅकेट पुन्हा पाठवलं जातं किंवा सेशन तुटतं, कचरा छापला जात नाही. नेट मंद असेल तर अक्षरं उशिरा येतात, चुकीची येत नाहीत. कचऱ्याचं कारण त्या कचऱ्यातच दिसतं. चौकटीच्या वरच्या कडेला ‘एल क्यू क्यू क्यू के’ आणि बाजूंना ‘एक्स’ अशी इंग्रजी अक्षरं आली, तर प्रोग्रॅम व्हीटी१०० या जुन्या टर्मिनलच्या रेषा मागतोय आणि टर्मिनल त्या काढत नाही. रेषेच्या जागी टोपीवाला ‘ए’ आणि मागे विचित्र चिन्हं आली, तर सर्व्हर यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची आजची पद्धत) पाठवतोय आणि तुमचा क्लायंट ते विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे जुन्या अक्षर-तक्त्याने, वाचतोय. पुट्टी या विंडोजवरच्या क्लायंटमध्ये ‘ट्रान्सलेशन’ पानावर रिमोट कॅरेक्टर सेट तपासा. बायनरी फाइलवर कॅट (फाइल स्क्रीनवर ओतणारी कमांड) मारल्यावर प्रॉम्प्टसुद्धा रेषांमध्ये दिसू लागला, तर त्या फाइलमधल्या एका कंट्रोल कोडने कॅरेक्टर सेट बदललाय. अक्षरं नीट दिसली नाहीत तरी ‘रीसेट’ ही कमांड टाइप करा. एंटर लागत नसेल तर कंट्रोल-जे दाबा.

गोठलेल्या टर्मिनलवर आधी कंट्रोल-क्यू दाबा. सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं गेलं की आउटपुट थांबतं, एवढंच झालेलं असतं. विंडो बंद केली तर आत चालू असलेला डेटाबेस इम्पोर्टही हँगअप सिग्नलने मरू शकतो. म्हणून हा सल्ला मला धोकादायक वाटतो.

मेसेजमध्ये एक नेहमीची अडचण आलेलीच नाही. डेटा सेंटरमधल्या मशीनच्या सिरियल कन्सोलवर (नेटवर्कऐवजी सिरियल लाइनवरून लॉगइन) गेलं की विंडो कितीही मोठी करा, व्हीआय वरच्या २४ ओळींतच राहतं. सिरियल लाइनवरून विंडोचा आकार कळवला जात नाही, म्हणून प्रोग्रॅम ८० कॉलम बाय २४ ओळी धरून चालतात. हाच आकार डेक कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलचा होता. एसटीटीवाय कमांडने ओळी (‘रोज’) आणि कॉलम्स स्वतः द्या.

मराठीचं विधान मला सगळ्यात खटकतं. ‘ठाणे’ या नावाची फाइल घ्या. आपल्याला दोन अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये ती चार चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. लँग ‘सी’ केलं की एलएस या फाइलींची यादी देणाऱ्या कमांडला ते बारा सुटे बाइट वाटतात आणि नावाच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा बॅकस्लॅशमागचे आकडे येतात. म्हणजे मेसेजमधला उपायच मराठी मोडतो. बऱ्याचदा झालेलं असतं असं: लॅपटॉपचं लोकेल (भाषा आणि प्रदेशाचं सेटिंग) मराठी भारत असतं, एसएसएच ते सर्व्हरला कळवतं, सर्व्हरवर ते तयार केलेलं नसतं, आणि लॉगइन होताच ‘कॅनॉट चेंज लोकेल’ अशी ताकीद येते. ‘लोकेल -ए’ने काय उपलब्ध आहे ते पाहा आणि निदान ‘सी.यूटीएफ-८’ लावा. काना-मात्रांना किती कॉलम द्यायचे यावर टर्मिनल आणि प्रोग्रॅम यांचं अजून एकमत नाही, त्यामुळे कर्सर एखादं घर सरकतो आणि जोडाक्षरं काही टर्मिनलांवर सुटी दिसतात. ही उणीव खरी आहे. पण फाइलचं नाव वाचता येतं, ग्रेप ही शोधायची कमांड मराठी शब्द शोधते, आणि लॉग नीट साठतो.

तो मेसेज तुमच्या सर्व्हरवर कुणी आधीच चिकटवला असेल, तर ईटीसीमधलं प्रोफाइल, प्रोफाइल.डी फोल्डर आणि रूटसह सगळ्यांच्या बॅशआरसी फाइल्समध्ये टर्म ग्रेप करून पाहा. ओळ सापडली तर काढा, पुन्हा लॉगइन करा, टीमक्स नव्याने सुरू करा आणि त्याच्या आत-बाहेर टर्म वेगवेगळं येतंय का ते तपासा.