33 पॉइंट नाहीत म्हणून स्लॅम नाही? थांबा जरा

आमच्या इंदूरच्या ब्रिजवाल्या (पत्त्यांतलं ब्रिज) मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते स्लॅमच्या (13 पैकी 12 किंवा सगळ्या 13 ट्रिका म्हणजे हात करायची बोली) नियमांचं फॉरवर्ड या महिन्यात तिसऱ्यांदा आलं आणि खाली नेहमीसारखे अंगठे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी, त्यात चार गोष्टी आहेत. दोघांचे मिळून 33 पॉइंट (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1) नसतील तर गेमवर (स्लॅमच्या खालची बोली, इस्पिकात 10 ट्रिकांची) गप्प बसा. पानं दमदार आली की लगेच 4 नोट्रम (नोट्रम म्हणजे हुकमाशिवाय) बोलून एक्के विचारा. ताकद असेल तर उडी मारून दाखवा. आणि 75-80 टक्के खात्री असल्याशिवाय सहाला (बोलीच्या आकड्यात 6 मिळवले की ट्रिका, म्हणजे 12) हात लावू नका. रामबागेत ज्या काकांकडे आम्ही शनिवारी बसतो ते तर हे छापून भिंतीवर लावायला निघालेत, म्हणून म्हटलं आता लिहितोच.

आधी ते 33. हा आकडा आला कुठून ते कोणी विचारत नाही. पत्त्यांत एकूण पॉइंट 40, तुमच्याकडे 33 असले तर समोरच्यांकडे उरले 7, म्हणजे त्यांच्याकडे दोन एक्के असूच शकत नाहीत कारण दोन एक्क्यांचेच 8 होतात. सातच्या बोलीसाठीचा 37 चा आकडाही असाच, 3 उरले म्हणजे एक्का बाहेर नाही. पण 7 म्हणजे एकाच रंगाचा एक्का आणि राजा पण होतो ना! माझ्यावर आलंय हे, मोजून 33, ऐटीत 6 नोट्रम, आणि डावीकडच्या मावशींनी किलवर एक्का ठेवला, मग किलवर राजा ठेवला, मग चहाचा कप उचलला. बाकीची सगळी चित्रं आमच्याकडे होती, करता काय.

आणि मुळात हा हिशेब दोन्हीकडे सपाट पानं असताना नोट्रमसाठी आहे. रंगात फिट (दोघांची मिळून हुकमाला पुरेशी पानं) सापडला की गणित बदलतं. काकांकडेच आलेली पानं सांगतो. माझ्याकडे इस्पिक एक्का राणी दहा सत्ती छक्की, बदामाची एकच चौकी, चौकट एक्का राजा अठ्ठी पंजी तिर्री, किलवर छक्की दुर्री. 13 पॉइंट. पार्टनरकडे इस्पिक राजा गुलाम अठ्ठी पंजी, बदाम अठ्ठी छक्की तिर्री दुर्री, चौकट राणी चौकी दुर्री, किलवर एक्का राजा. हे पण 13. बेरीज 26, फॉरवर्डच्या हिशेबाने नुसता गेम. आता ट्रिका मोजा: इस्पिकच्या 5, किलवरच्या 2, आणि चौकट 3-2 फुटली की तिच्या 5, आणि ती 68 टक्के वेळा तशी फुटते. झाल्या 12, जाते ती फक्त एक बदाम. समोरच्यांकडे 14 पॉइंट आहेत खरे, पण त्यातले 10 बदामात अडकलेत आणि त्या दहाची ट्रिक होते एक.

आता पार्टनरचे 13 जरा हलवा. बदाम राजा राणी गुलाम दुर्री द्या आणि किलवरमध्ये नुसते गुलाम पंजी, इस्पिक चौकट तेच. बेरीज तीच 26. आता किलवरच्या दोन आणि बदाम एक्का अशा तीन ट्रिका जातात आणि किलवर लीड (समोरच्यांचं पहिलं पान) आली तर चार इस्पिक बरोब्बर होतात, एक जास्त नाही. पॉइंट तेच, बसलेत कुठे यावर सगळं. म्हणून तर 1 इस्पिकवर जेकोबी 2 नोट्रम (फिट आहे, तुझ्याकडे कुठल्या रंगात कमी पानं ते सांग, असं विचारणारी बोली) खेळतात, मी 3 बदाम बोललो की पार्टनरला कळतं याच्याकडे बदाम एकच आहे, आणि मग आपली अठ्ठी-छक्की बघून तो खूश होतो, राजा-राणी-गुलाम असते तर तोंड वाकडं करून 4 इस्पिक.

एक्के विचारायचं बघा. 4 नोट्रमने एक्के विचारायची ही ब्लॅकवुड पद्धत, 1933 पासून चालतंय, चांगलंच आहे, पण ते साधं विचारलं तर किती एक्के एवढंच सांगतं, कुठला ते नाही. समजा तुमच्याकडे इस्पिक राजा राणी गुलामाने सहा, बदाम एक्का राजा राणी पंजी, चौकट नाहीच, किलवर राजा राणी चौकी. 20 पॉइंट, पार्टनरने इस्पिक उचलून धरले, तुम्ही जोशात 4 नोट्रम, तो म्हणाला 5 चौकट म्हणजे एक एक्का. आता? इस्पिक किंवा किलवरचा असेल तर सहा आहेत, चौकटीचा असेल तर तुमच्या काही कामाचा नाही, दोन एक्के बाहेर आणि एक डाऊन (बोलीपेक्षा एक ट्रिक कमी). तुम्ही छताकडे बघत बसणार. क्यू बिड (कुठल्या रंगात एक्का ते त्या रंगाचं नाव घेऊन सांगणारी बोली) केल्या असत्या तर पार्टनरने 4 किलवर किंवा 4 चौकट बोलून स्वतःच सांगितलं असतं. एखाद्या रंगात नुसती दोन बारीक पानं असतील तेव्हाही तेच, एक्का त्यांच्याकडे असो नसो, राजा पण त्यांच्याकडे असला तर काय, हे ब्लॅकवुड सांगत नाही.

उडी मारण्याबद्दल फार लिहीत नाही. 2 किलवर (फार दमदार पानं), 2 चौकट (पार्टनर थांबून बघतो), 2 इस्पिक असं झाल्यावर गेम तर होणारच आहे, मग जो हळू जातो त्याच्याकडे जास्त असतं. 3 इस्पिक म्हणजे अजून बोलू या, 4 इस्पिक म्हणजे इस्पिक आहेत बाकी काही नाही. उडी मारून तुम्ही स्वतःचीच जागा खाता.

राहिली ती 75-80 टक्क्यांची भीती. कागद घ्या. व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही जास्त असलेला डाव) असताना 6 इस्पिक झाले तर 1430, चारवर थांबून बारा केल्या तर 680, फायदा 750. एक डाऊन गेलात तर उणे 100, आणि चारवर थांबला असता तर 650, तोटा पण 750. व्हल्नरेबल नसाल तर दोन्हीकडे 500. म्हणजे निम्म्याहून जरा जास्त शक्यता असली की बोलायचं, एका फिनेसवरचं (समोरचं एक मोठं पान कुणाकडे यावर अवलंबून, निम्म्या शक्यतेचं) स्लॅम बोललं नाही बोललं सारखंच. सातला मात्र वेगळं आहे, तिथे 750 मिळवायला 1530 लावायचे, तीनातून दोनदा तरी व्हायला हवं, फॉरवर्डने सातबद्दल लिहिलं असतं तर मी पण अंगठा दिला असता.

आणि हो, ती 26 पॉइंटवाली पानं. आम्ही त्या दिवशी व्हल्नरेबल असून चारवर पास झालो होतो, चौकट 3-2 होती, दुसऱ्या टेबलावर याच पानांवर सहा बोलले. 13 आयएमपी (दोन टेबलांच्या फरकावरून मिळणारे गुण) गेले. काका अजून म्हणतात, त्यांचं नशीब होतं रे.