चित्ता दिसला का?

आमच्या माईआत्याला मी चाळीस वर्षं माईआत्याच म्हणत आलो. तिचं कागदोपत्री नाव काय असेल, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मध्य प्रदेशातल्या, आफ्रिकी चित्ते आणलेल्या कुनो राष्ट्रीय उद्यानाच्या सफारीचा ऑनलाइन फॉर्म भरतानाही पडला नाही, हेच चुकलं. मी बेधडक 'माई' लिहिलं आणि पैसे भरून मोकळा झालो.

कुनोला जायची हौस आम्हाला नव्हती. पण पुण्याच्या नातेवाइकांचा फोन आला की पहिला प्रश्न, "काय रे, चित्ता पाहिलास का?" जणू ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्यामागे दोन-चार बांधून ठेवलेत. शेवटी आत्या म्हणाली, "एकदा जाऊन ये बाबा, म्हणजे तोंडं तरी बंद होतील. आणि मलाही ने."

शिवपुरीवरून चार तासांचा रस्ता. त्यातला एक तास आत्याने वाटेत गजक, म्हणजे तीळगुळाची कुरकुरीत मिठाई, घ्यायला लावला.

गेटवरच्या माणसाने आधी पावती पाहिली, मग आधार कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पावतीवरचं आणि ओळखपत्रावरचं नाव एकच हवं, हा नियम पावतीवर ठळक छापलेला होता. "ये यमुनाबाई कौन हैं?"

"मीच," आत्या म्हणाली. "आणि हा माझा भाचा. ह्यालाही आजच कळतंय."

अर्धा तास विनवण्या करून आम्ही आत गेलो.

जिप्सीत गाइडने नियम सांगितले: खाली उतरायचं नाही, ओरडायचं नाही, जनावराला काही घालायचं नाही, कचरा परत न्यायचा. मग त्याने कुनोची कहाणी सांगितली. ती ऐकून मला वाटलं, ठरलेल्या लग्नात बोहल्यावर भलताच नवरदेव चढला तर काय होईल, तसंच इथं झालंय. जंगल सजवलं होतं गीरच्या सिंहांसाठी. त्यापायी आतली चोवीस गावं उठवली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहा महिन्यांत सिंह न्या असं बजावलं. पण गुजरातच्या वरपक्षाने मुलगा काही धाडला नाही. मग 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियातून आठ चित्ते आले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा. मांडव तोच, वाजंत्री तीच. गावं मात्र उठली ती उठलीच.

"आफ्रिकेतून आणायचं आमच्या माधवराव शिंदे महाराजांनी आधीच करून पाहिलं होतं," आत्या ठसक्यात म्हणाली. ते खरंच आहे. शंभरेक वर्षांपूर्वी ग्वाल्हेरच्या या राजांनी याच भागात आफ्रिकी सिंह सोडले होते. सिंहांनी आधी गुरं खाल्ली, पुढे माणसांवर घसरले, आणि तो प्रयोग बंदुकीने संपला. हा भाग आत्याने वगळला. ग्वाल्हेरकर मराठी माणूस महाराजांची गोष्ट सांगताना थोडं वगळतोच.

करधईची झाडं वाळक्या काटक्यांसारखी उभी होती. गाइड म्हणाला, हवेत नुसता ओलावा आला तरी ती पावसाआधी हिरवी होतात. मी त्यांच्यामागे ठिपके शोधत होतो. उद्यान 748 चौरस किलोमीटरचं. चित्त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर असते, त्यांच्या मागावर माणसं असतात. म्हणजे स्वारी कुठे आहे हे खात्याला ठाऊक, फक्त तिकीट काढलेल्यांना नाही. "वो मर्ज़ी का मालिक है, अम्माजी," गाइड म्हणाला.

"दिसला तर बिबट्या नाही हे कसं कळायचं?" आत्याने विचारलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून ओठापर्यंत काळी रेघ असेल तर चित्ता, असं उत्तर आलं. "म्हणजे रडून काजळ ओघळल्यासारखं," आत्या म्हणाली. त्यानंतर तिने दोन चितळं, एक कोल्हा आणि एक वारूळ यांच्या डोळ्यांत काजळ शोधलं. वारुळापाशी सगळ्यात जास्त वेळ गेला.

मग अचानक चितळाने कॉल दिला, म्हणजे धोक्याचा इशारा. गाइडने हात वर केला, इंजिन बंद झालं. पुढच्या माळावर सगळी चितळं मान ताठ करून एकाच दिशेला बघत होती. गवत हललं. मी श्वास रोखला. पुढची जिप्सी, तिच्यातली सहा माणसं, त्यांचे सहा कॅमेरे, सगळे पुतळे झाले.

आणि माझ्या डाव्या कानाशी आवाज आला: कुर्रुम.

मुरैन्याची खुसखुशीत गजक शांततेत किती लांब ऐकू जाते, याची परीक्षा याआधी कुणी घेतली नसावी. चितळं उधळली. गवतातलं जे काही होतं ते कायमचं गवतातच राहिलं. पुढच्या जिप्सीतले सहाजण वळून आमच्याकडे ज्या नजरेने बघत होते, तिथे काळी रेघ तेवढी कमी होती.

"मला चक्कर येत होती," आत्या म्हणाली आणि दुसरा तुकडा गाइडपुढे धरला. त्याने आत काही खायचं नसतं म्हणून हात जोडले. गेटबाहेर आल्यावर मात्र तोच तुकडा आठवणीने मागून घेतला.

रात्री वाड्यात पोचलो तर पुण्याचा फोन वाजतच होता. आत्याने माझ्या हातातून ओढून घेतला. "हो, गेलो होतो. अगदी जवळ होता, पण लाजला." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "ते गीरवाले कधी सिंह पाठवणार आहेत, लक्ष ठेव. त्याला बघायला मी येईन. आणि फॉर्मवर यमुनाबाई लिही."