‘गोटा लॅबात पास झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. दोन नातेवाइकांचे, एक शाळेचा, एक धानाच्या भावाचा. मजकूर असा: “आपल्या तुमसर भागातल्या मँगनीजच्या गोट्याची लॅब टेस्ट पास! 95 टक्के रिकव्हरी. आता एक्स-रे मशीन दगड आपोआप निवडणार, ना पाणी ना कचरा. दोन वर्षांत खाण. जमीनवाल्यांनी लवकर संपर्क करावा.”

मेसेजचा सगळा जीव शेवटच्या वाक्यात आहे, ते सांगायला नको. पण दगड फोडून, चाळून, तोलून तपासणं हा माझा रोजचा धंदा, म्हणून मी आधीच्या वाक्यांवर बोलतो.

“टेस्ट पास.” दगड दहावीला बसत नाही. प्रयोगशाळा फक्त एवढंच सांगते की तुम्ही आणून दिलेल्या दगडात काय आहे. मग पहिला प्रश्न असा की तो दगड उचलला कोणी आणि कसा? बांधावर पडलेल्यांतला काळा, जड, चमकणारा गोटा माणूस आपसूक उचलतो आणि बाजूचा पांढरट तिथंच ठेवतो. म्हणजे निवड लॅबच्या आधीच झाली, तीही डोळ्यांनी. त्या पोत्याचा रिपोर्ट त्या पोत्यापुरता खरा, जमिनीखालच्या थराबद्दल तो काही सांगत नाही.

दुसरी गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. नेहमीच्या तपासणीत दगड दळून पिठासारखा बारीक करतात आणि त्यातून सरासरी काढतात. समजा 20 टक्के मँगनीज निघालं. आता प्रत्येक गोट्यात 20 टक्के असेल तर जगातलं कोणतंही मशीन निवडून काही साधणार नाही. जे ठेवाल तेही 20, जे फेकाल तेही 20. आणि निम्म्या गोट्यांत 40, उरलेल्यांत जवळपास शून्य असेल तर निवडीसारखी स्वस्त गोष्ट नाही. दोन्हींचं पीठ मात्र अगदी सारखा आकडा देतं. गिरणीत दळायच्या आधीच फुकटचा दगड बाजूला काढणं परवडेल का, याचं उत्तर त्या पिठात नसतंच.

त्यासाठी वेगळी, कटकटीची चाचणी लागते. माल चाळून आकारवार वेगळा करायचा, धुवायचा, एकेका गोट्यावर रंगानं नंबर टाकायचा, तोलायचा, सेन्सरखालून काढायचा आणि मग प्रत्येक गोटा स्वतंत्र फोडून तपासायचा. शंभर गोटे म्हणजे शंभर रिपोर्ट. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यातल्या प्रकल्पांना मी एकच विनवणी करतो: ड्रिलिंगचा सगळा कोअर, म्हणजे जमिनीत भोक पाडून काढलेला दगडाचा दांडा, घाईनं चुरून टाकू नका. चुरा झाला की हा प्रश्न पुन्हा विचारता येत नाही.

“95 टक्के रिकव्हरी.” रिकव्हरी म्हणजे मालातल्या एकूण मँगनीजपैकी किती टक्के ठेवलेल्या भागात राहिलं ते. काहीच फेकलं नाही तर रिकव्हरी 100 टक्के येते! एक हजार किलो मालात 20 टक्के म्हणजे 200 किलो मँगनीज आहे असं धरा. मशीननं 900 किलो ठेवला आणि 100 किलो फेकला. फेकलेल्यात 10 किलो मँगनीज गेलं. ठेवलेल्यात 190 किलो, म्हणजे बरोबर 95 टक्के रिकव्हरी. पण मालाची प्रत, म्हणजे त्यातला मँगनीजचा टक्का, 20 वरून जेमतेम 21 वर आली. एवढ्यासाठी मशीन घेणारा माणूस मला दाखवा.

उलट, मशीननं 600 किलो ठेवला आणि त्यात 180 किलो मँगनीज राहिलं, तर रिकव्हरी 90 दिसते, मेसेजपेक्षा कमी. पण प्रत 30 वर गेली आणि 400 किलो दगड दळायचा, वाहून न्यायचा वाचला. त्यामुळे किती ठेवलं आणि किती फेकलं हे सोबत नसेल तर रिकव्हरीचा आकडा नुसता टांगलेला राहतो.

शिवाय हिशोबात बारीक माल धरलाय का? असं मशीन साधारण 10 मिलिमीटरच्या वरचेच गोटे नीट पाहतं. सुरुंग आणि क्रशरनंतर हजारातला 300 किलो त्याहून बारीक निघाला, तर तो न निवडताच पुढं जातो. रिपोर्टात ही ओळ शोधा. नसेल तर विचारा.

“एक्स-रे मशीन आपोआप निवडतं.” यात थापा नाहीत. आपल्याकडच्या राइस मिलमधलं सॉर्टेक्स आठवा: दाणा पडता पडता कॅमेरा बघतो, हवेचा फटकारा काळा दाणा उडवतो. दगडाचं मशीन त्याचंच दांडगं भावंड. पण तांदळाचा डाग वर दिसतो, गोट्याचं पोटात असतं, म्हणून एक्स-रे.

अडचण आपल्या खडकाची आहे. इथला मँगनीजचा खडक म्हणजे गोंडाइट, गोंडांवरून नाव पडलेला. त्यात क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, असतं आणि स्पेसार्टाइन नावाचं गार्नेट. या गार्नेटमध्ये वजनाचा तिसरा हिस्सा मँगनीजच असतं, पण सिलिकात अडकलेलं. मशीनला मँगनीज दिसतं, धातू वितळवणाऱ्या भट्टीवाल्याला नको असलेली सिलिका.

मोठ्या बाबांचा मुलगा असाच एक गोटा घेऊन आला. बॅगा तोलायच्या लटकत्या काट्यावर तो 840 ग्रॅम भरला, दोरीनं बादलीतल्या पाण्यात बुडवून 630. फरक 210, म्हणजे पाण्याच्या चौपट जड. पोरगं हरखलं, “मँगनीजच आहे ना दादा!” पण पाण्याच्या किती पट ते बघा: ब्राउनाइट हे मँगनीजचं चांगलं खनिज, शुद्ध असेल तर पावणेपाचच्या आसपास, क्वार्ट्झ 2.65, आणि गार्नेट 4.2. भिंगातून दाखवले तर नारिंगी-तपकिरी दाणे खचाखच. लॅबमध्ये हलका-जड दगड वेगळा करायला हाच गोटा 2.89 घनतेच्या ब्रोमोफॉर्म नावाच्या जड द्रवात टाकला असता तर तळाशी जाऊन बसला असता, चांगल्या मालाच्या पंगतीला.

“ना पाणी ना कचरा.” अर्धं खरं. कोरड्या निवडीला पाणी कमी लागतं; पुढं दळायचा माल घटल्यानं वीज, पाणी, बारीक गाळ सगळंच घटतं. हा मोठा फायदा, आणि म्हणूनच मी या तंत्राच्या बाजूचा आहे. पण फेकलेले 400 किलो हवेत विरत नाहीत. चंद्रपूर-वणीकडच्यांना कोळशाच्या वॉशरीचे रिजेक्ट, म्हणजे धुऊन फेकलेला माल, काय असतात ते विचारा. शिवाय चिकटलेली माती काढायला गोटे बऱ्याचदा धुवावेच लागतात.

“दोन वर्षांत खाण.” शोधाचेच जी-4 ते जी-1 असे, वरवरच्या पाहणीपासून सविस्तर शोधापर्यंत, चार टप्पे आहेत, आणि 2015 पासून खाणपट्टे लिलावानं जातात. नागपूरजवळ हिंगण्याला इंडियन ब्युरो ऑफ माइन्स या केंद्र सरकारच्या संस्थेची प्रयोगशाळा आहे आणि पायलट प्लांट, म्हणजे जास्त माल चालवून पाहायचा छोटा कारखानाही. दोन्ही वेगळे ठेवलेत, कारण टेबलावर जमलेलं टनावारी जमेलच असं नाही.

हे सगळं ऐकून पोरगं हिरमुसलं. “मंग या गोट्याचं का करू?”

“ठेव,” म्हटलं. “आणि पुढच्या वेळी खड्ड्यातून आण. पांढरे गोटेही आण.”